साइड इफेक्टची उतरंड

१९८७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील याकिमा इथल्या रुग्णालयात एका कर्करुग्णावर किरणोपचार चालू होते. यंत्राचे नाव थेरॅक-२५. यंत्र संगणकाच्या हुकमावर चालणारे. रुग्णाला त्या दिवशी एकूण ८६ रॅड इतकी मात्रा द्यायची होती. प्रत्यक्षात आठ ते दहा हजार रॅड शरीरात गेले असावेत, असा अंदाज नंतर निघाला. एप्रिलमध्ये तो रुग्ण दगावला. यंत्राचा एकही भाग तुटलेला नव्हता. चूक प्रोग्राममध्ये होती, आणि ती समजायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

प्रोग्राममध्ये एक छोटा कप्पा होता. त्यात शून्य असेल तर अर्थ असा, की सगळे जागेवर आहे, पुढे चला. शून्याखेरीज कोणताही आकडा असेल तर अर्थ असा, की यंत्राचे भाग जागेवर आहेत का ते आधी तपासा. तपासणी हवी असताना प्रोग्रामने या कप्प्यात एखादा ठरावीक आकडा ठेवायला हवा होता. त्याऐवजी तो दर फेरीला कप्प्यातल्या आकड्यात एक मिळवत असे. कप्पा मात्र एका बाइटचा, म्हणजे त्यात २५५ पर्यंतच आकडा मावणार. जुन्या स्कूटरच्या मीटरमध्ये ९९९९९ नंतर सगळी शून्ये येतात, तसे दर २५६ व्या फेरीला इथे शून्य येई. नेमक्या त्या क्षणी ऑपरेटरने बटण दाबले, तर तपासणी गाळली जाई आणि झोत सुटे. याकिमात तो क्षण आला.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्राचे असे सहा अपघात नोंदले गेले. टेक्सासमधील टायलर इथले दोन अपघात वेगळ्या चुकीने झाले. तिथे एकाच वेळी चालणारी दोन कामे एकाच कप्प्यातल्या माहितीवर विसंबून होती, आणि ऑपरेटरने पडद्यावरची नोंद झपाट्याने दुरुस्त केली की एका कामाला बदल कळे, दुसऱ्याला कळत नसे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या साऱ्याचा सविस्तर तपास प्रसिद्ध केला. आधीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अडसर या यंत्रातून काढून टाकले होते, सॉफ्टवेअरवर फाजील भरवसा ठेवला होता, तक्रारी गांभीर्याने घेतल्या नव्हत्या, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा भाषा बदलली असती तर सगळे वाचले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. प्रोग्रामचा एक तुकडा गुपचूप कुठेतरी काहीतरी लिहून ठेवतो, दुसरा तुकडा ते वाचतो, आणि या देवघेवीची कुठेही लेखी नोंद नसते.

प्रोग्रामर मंडळी याला जो शब्द वापरतात तो औषधे घेणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे: साइड इफेक्ट.

पाढे आणि वही

सात आठे छप्पन्न. सकाळी म्हणा, रात्री म्हणा, घरी म्हणा, रुग्णालयात म्हणा, उत्तर छप्पन्नच येते. शिवाय पाढा म्हटल्याने जगात दुसरे काही बदलत नाही. ज्याचे उत्तर केवळ दिलेल्या आकड्यांवर ठरते आणि जे उत्तर देण्यापलीकडे काहीही करत नाही, अशा तुकड्याला ‘शुद्ध’ फंक्शन म्हणतात. फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणजे शक्य तितका प्रोग्राम अशा शुद्ध तुकड्यांतून रचण्याची पद्धत. तिचे मूळ गणितज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आहे, म्हणजे आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वात येण्याच्याही आधी.

शुद्ध तुकड्यांचा फायदा उघड आहे. तपासायला सोपे, एकमेकांना जोडायला सोपे, आणि एकाने दुसऱ्याचा कप्पा बिघडवण्याचा प्रश्नच नाही. तोटाही तितकाच उघड आहे. पडद्यावर अक्षर उमटवणे, फाइल वाचणे, बँकेतली शिल्लक बदलणे, किरणांचा झोत सोडणे, हे सगळे साइड इफेक्टच. हॅस्केल या भाषेच्या शिल्पकारांपैकी एक, सायमन पेटन जोन्स, थट्टेने सांगत की अजिबात साइड इफेक्ट नसलेला प्रोग्राम चालू आहे हे ओळखण्याची एकच खूण असते, संगणकाची पेटी गरम होते.

औषधाचेही तसेच असते. ज्याचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही ते औषध कशाला घ्यायचे? मुद्दा परिणाम नसण्याचा नाही; कोणते परिणाम होऊ शकतात ते वेष्टनावर छापलेले असण्याचा आहे. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत असे वेष्टन नसते. ‘मात्रा काढा’ असे नाव असलेले फंक्शन आकडा देता देता डेटाबेसही बदलून टाकत असेल, हे त्याच्या नावावरून कळत नाही.

१९८७ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड इथे भरलेल्या एका परिषदेत काही संशोधकांनी ठरवले, की शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या डझनभर भाषांऐवजी एक सामायिक भाषा असावी. तिला तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे पहिले नाव मिळाले आणि पहिला मसुदा १ एप्रिल १९९० रोजी निघाला. तारखेवरून विनोद खूप झाले. हॅस्केलमध्ये कोणती गोष्ट आधी मोजायची आणि कोणती नंतर हे भाषा स्वतःच गरजेप्रमाणे ठरवते. त्यामुळे ‘आधी हे लिही, मग ते पुसून टाक’ अशा क्रमावर अवलंबून असणाऱ्या कामांना तिथे थारा देणेच अवघड होते. भाषा देखणी, पण साधे नाव विचारून नमस्कार करण्याचा प्रोग्राम लिहायचा तर घाम फुटे.

सुटका अनपेक्षित दिशेने आली. यूजेनिओ मोज्जी या इटालियन संशोधकाने १९८९ मध्ये एका शोधनिबंधात दाखवले, की प्रोग्राममधले नाना तऱ्हेचे परिणाम, म्हणजे अपयश, बदलती नोंद, अनेक पर्याय, बाहेरच्या जगाशी बोलणे, हे सगळे गणितातल्या एकाच रचनेत बसवता येतात. ती रचना कॅटेगरी थिअरी नावाच्या, गणितज्ञांनाही अमूर्त वाटणाऱ्या शाखेतली. नाव मोनॅड. मोज्जींना व्यवहारातले प्रोग्राम सोपे करायचे नव्हते. प्रोग्रामचा गणिती अर्थ लावायचा होता. ग्लासगोत असलेल्या फिलिप वॉडलर यांच्या लक्षात आले, की हीच रचना हॅस्केलमध्ये प्रत्यक्ष प्रोग्राम लिहायला वापरता येईल. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी आणि पेटन जोन्स यांनी ते करून दाखवले, आणि १९९६ मध्ये हॅस्केलच्या नव्या आवृत्तीत मोनॅड अधिकृतपणे आले.

आता मोनॅड म्हणजे काय? प्रोग्रामरांत एक जुना विनोद आहे: ज्याला मोनॅड समजतो त्याची तो दुसऱ्याला समजावण्याची शक्ती त्याच क्षणी नाहीशी होते. तरी एक उदाहरण घेऊ.

रुग्णाचे मूत्रपिंड किती काम करते त्यानुसार एखाद्या औषधाची मात्रा ठरवायची आहे. पायऱ्या तीन. प्रयोगशाळेकडून क्रिएटिनिनचा आकडा घ्यायचा. त्यावरून मूत्रपिंडाची क्षमता काढायची. मग तक्त्यातून मात्रा शोधायची. यातली प्रत्येक पायरी फसू शकते. रक्ताचा नमुना खराब निघाला, तर आकडाच नाही. चुकून शून्य नोंदवले गेले, तर भागाकार होणार नाही. तक्त्यात ती ओळच नसली, तर मात्रा नाही. साध्या पद्धतीने लिहायचे तर प्रत्येक पायरीनंतर ‘आले का? आले असेल तरच पुढे’ असे विचारत बसावे लागते. शंभर ठिकाणी विचारायचे, आणि एका ठिकाणी विसर पडला की संपले. ‘काहीच नाही’ हे दर्शवणारा खास रिकामा संदर्भ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये एका भाषेत आणला. तो तपासायला विसरल्याने पुढे इतके प्रोग्राम कोसळले, की २००९ मध्ये त्यांनी स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटले.

मोनॅडची पद्धत अशी. प्रत्येक पायरी नुसता आकडा देत नाही, आकडा पाकिटात घालून देते. पाकिटात आकडा असेल, किंवा ‘नाही’ अशी चिठ्ठी असेल. दोन पायऱ्या जोडण्याचा नियम एकदाच लिहून ठेवायचा: आधीचे पाकीट उघडा, आकडा असेल तर पुढच्या पायरीला द्या, चिठ्ठी असेल तर पुढच्या पायऱ्या न करता तीच चिठ्ठी शेवटपर्यंत पोचवा. झाले. ‘आले का?’ हा प्रश्न प्रोग्राममधून नाहीसा होतो आणि जोडणीच्या नियमात जाऊन बसतो. विसरण्याची सोयच उरत नाही, कारण पाकीट न उघडता आतला आकडा वापरू म्हटले तर भाषा तो प्रोग्राम स्वीकारतच नाही. हॅस्केलमध्ये या मोनॅडचे नाव ‘मेबी’.

दुसरे उदाहरण नोंदवहीचे. वॉर्डात औषधसाठ्याची वही आहे. शुद्ध भाषेत वहीतला आकडा खोडता येत नाही. जुनी वही द्यायची आणि उत्तरासोबत नवी वही घ्यायची. दहा पायऱ्या असतील तर वही दहा वेळा हातोहात पुढे सरकवायची, आणि एका पायरीला चुकून जुनी वही दिली की हिशेब चुकला. ही सरकवण्याची हमाली करणारा मोनॅड म्हणजे ‘स्टेट’. इथे पाकिटाची उपमा तुटते, हे सांगितलेच पाहिजे. स्टेटच्या पाकिटात तयार उत्तर नसतेच. ‘वही द्या, मग उत्तर आणि नवी वही देतो’ अशी कृती असते. मोनॅडच्या सगळ्या उपमा अशा कुठेतरी तुटतात, आणि नवशिक्यांचा बराचसा गोंधळ उपमेला फार घट्ट धरल्याने होतो. सगळ्या मोनॅडमध्ये समान असते ती पायऱ्या जोडण्याची रीत, आणि ती रीत पाळायची तीन गणिती पथ्ये.

आता वेष्टनावर सगळे लिहिलेले असते. या फंक्शनचा प्रकार नुसता ‘आकडा’. म्हणजे शुद्ध, पाढ्यासारखे. त्याचा ‘मेबी आकडा’. म्हणजे फसू शकते. तिसऱ्यावर ‘आयओ’ असा शिक्का. म्हणजे हे बाहेरच्या जगाला हात लावणार, सावध राहा.

दोन पाकिटे एकत्र होत नाहीत

खऱ्या प्रोग्रामला एकच परिणाम पुरत नाही. मात्रा काढताना अपयशही येऊ शकते, साठ्याची वहीही बदलायची असते, वर कोणी काय केले याची नोंदही ठेवायची असते. दोन मोनॅड आहेत, मग दोन्ही एकात एक घातले की काम झाले, असे कोणालाही वाटेल. गणित नाही म्हणते.

का, ते पाकिटांनीच पाहू. एक पायरी लाल पाकिटात निळे पाकीट देते. पुढची पायरीही तेच देते. जोडल्यावर हाती येते लाल, त्यात निळे, त्यात पुन्हा लाल, त्यात पुन्हा निळे. लालात लगेच लाल आले तर दोहोंचे एक कसे करायचे ते लालचा नियम सांगतो, निळ्याचेही तसेच. पण इथे दोन लालांच्या मध्ये निळे अडकले आहे. मधल्या दोघांची अदलाबदल करता आली तरच मार्ग निघेल, आणि ती अदलाबदल कशी करायची हे ना लालला ठाऊक, ना निळ्याला. काही जोड्यांत ती जमते, काहींत जमतच नाही. जॉन बेक या गणितज्ञाने १९६९ मध्येच अशा अदलाबदलीचे नियम मांडले होते. कोणत्याही दोन मोनॅडना चालेल असा सर्वसाधारण नियम मात्र नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर बऱ्याच जणांनी डोके खाजवले. मोज्जींच्या टिपणांत उत्तराचे बीज होते. गाय स्टील यांनी १९९४ मध्ये मोनॅड जोडून भाषांतरक प्रोग्राम बांधण्याचा प्रयत्न मांडला. मग जानेवारी १९९५ मध्ये येल विद्यापीठातील शेंग लियांग, पॉल ह्युडॅक आणि मार्क जोन्स यांचा निबंध आला, आणि त्यातली कल्पना टिकली: मोनॅड ट्रान्सफॉर्मर.

ट्रान्सफॉर्मर म्हटल्यावर गावाबाहेरची डीपी आठवेल, किंवा चॅटजीपीटीतल्या नावाचे शेवटचे अक्षर. हा तिसराच. कल्पना अशी, की दोन तयार मोनॅड जोडण्याचा नाद सोडायचा. त्याऐवजी असे भांडे घडवायचे, जे कोणत्याही मोनॅडवर ठेवता येते आणि त्याला एक नवी क्षमता देते. ‘मेबी’चे असे भांडे म्हणजे ‘मेबी-टी’: खाली कोणताही मोनॅड असो, त्याला आता अपयशही हाताळता येते. ‘स्टेट-टी’ खालच्याला वही देते. खाली जे आहे तेही मोनॅड, वर ठेवल्यावर जे तयार होते तेही मोनॅड. म्हणून त्यावर आणखी एक भांडे ठेवता येते. मराठी घरातली उतरंड डोळ्यांपुढे आणली तर चित्र पूर्ण होते. इंग्रजीतही याला थप्पी या अर्थाचाच शब्द आहे, पण उतरंड अधिक नेमकी आहे, कारण उतरंडीत खाली कोण आणि वर कोण याला फार महत्त्व असते.

वॉर्डातला प्रोग्राम पुन्हा घेऊ. पहिली पायरी: साठ्याच्या वहीतून एक कुपी वजा करा. दुसरी पायरी: रुग्णाला या औषधाची ॲलर्जी नाही ना ते पाहा, असेल तर काम थांबवा. ॲलर्जी निघाली. काम थांबले. आता वहीत किती कुप्या दिसाव्यात?

उत्तर उतरंडीच्या क्रमावर ठरते. खाली ‘मेबी’ आणि वर ‘स्टेट-टी’ अशी मांडणी असेल, तर प्रोग्रामचे वचन असे: वही द्या, मी एकतर काहीच देणार नाही, किंवा उत्तर आणि नवी वही मिळून देईन. अपयश आले की ‘काहीच नाही’, म्हणजे नवी वहीसुद्धा नाही. जुनी वहीच खरी. कुपी वजा झालीच नव्हती. खाली ‘स्टेट’ आणि वर ‘मेबी-टी’ असेल, तर वचन वेगळे: वही द्या, उत्तर असेल किंवा नसेल, पण नवी वही नक्की देईन. इथे काम फसले तरी कुपी वजा झालेली राहते. खालचे मडके फुटले तर वरची सगळी कोसळतात. वरचे फुटले तर खालची शाबूत राहतात. दोन्ही प्रोग्रामच्या पायऱ्या अक्षरशः त्याच. फरक फक्त वेष्टनावरच्या दोन शब्दांच्या क्रमाचा.

दोन्हींपैकी बरोबर कोणता? हे भाषा सांगू शकत नाही. कुपी नुसती कागदावर राखून ठेवली असेल तर पहिला बरोबर. नाहीतर साठा कमी दाखवला जाईल. परिचारिकेने कुपी फोडलेली असेल तर दुसरा बरोबर. नाहीतर कपाटात नसलेली कुपी वहीत दिसत राहील. कोणी काय केले याची नोंद असेल, तर ती अपयशानंतर टिकलीच पाहिजे, किंबहुना फसलेल्या प्रयत्नाचीच नोंद अधिक मोलाची. फोनवरून पैसे पाठवताना ‘खात्यातून कापले, पण पोचले नाहीत’ हा अनुभव अनेकांना असतो. बँकांचे व्यवहार संदेश, पडताळणी आणि परतावा अशा कितीतरी मोठ्या यंत्रणेवर चालतात, नुसत्या उतरंडीवर नाही. पण प्रश्न तोच आहे. मध्येच फसले तर आधी केलेले टिकवायचे की पुसायचे? बहुतेक भाषांत हा प्रश्न प्रोग्रामरच्या मनात येईलच याची खात्री नसते. इथे तो सोडवल्याशिवाय फंक्शनचे वेष्टनच लिहिता येत नाही. मोनॅड ट्रान्सफॉर्मरबद्दल कितीही तक्रारी असोत, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांना मानले पाहिजे.

उतरंडीच्या तळाशी काय असावे, याबाबतीत मात्र निवड नाही. बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारा ‘आयओ’ असेल तर तो सर्वांत खालीच. ‘मेबी-टी’ आणि ‘स्टेट-टी’ आहेत, पण ‘आयओ-टी’ असे भांडे हॅस्केलच्या मांडणीत नाही. वही जुनी काढता येते, अपयश गिळता येते. पण सुटलेला किरणांचा झोत परत घेता येत नाही, आणि पाठवलेला संदेश न पाठवलेला करता येत नाही. जग म्हणजे जमीन. त्याच्या खाली काही ठेवता येत नाही.

जमिनीला हादरा बसला तर? ‘आयओ’च्या वर ‘स्टेट-टी’ ठेवले आणि तळाशी अचानक बिघाड झाला, जाळे तुटले किंवा डिस्क भरली, तर वर सांभाळलेली वही त्याच्यासोबत जाते. हा खड्डा मोठ्या प्रणाली चालवणाऱ्यांना अनुभवाने माहीत झाला. म्हणून अनेक जण उतरंड बुटकी ठेवतात: तळाशी ‘आयओ’, वर फक्त सेटिंग वाचण्याचे एक भांडे, आणि टिकायलाच हवी अशी वही थेट जमिनीवर. शुद्धतावाद्यांना ही तडजोड खटकते. कारखान्यात मात्र ती चालते.

इतर कुरबुरीही आहेत. सहा मडक्यांच्या उतरंडीत तळच्या मडक्यातले काही हवे असेल तर पाच वेळा ‘वर उचला’ असे लिहावे लागे. मार्क जोन्स यांच्या कल्पनांवर आधारलेल्या एका लायब्ररीने हा व्याप कमी केला, पण नवीन भांडे घडवले की ते प्रत्येक जुन्या भांड्याशी कसे वागेल हे लिहून द्यावेच लागते. भांडी दहा झाली की अशा जोड्या शंभराच्या घरात जातात. प्रत्येक थरागणिक थोडा वेळही खर्च होतो. आणि एक नामुष्कीही नोंदवायला हवी: हॅस्केलच्या लायब्ररीत बरीच वर्षे असलेला यादीचा ट्रान्सफॉर्मर खालच्या ठरावीक मोनॅडखेरीज इतरांवर ठेवला तर मोनॅडची पथ्येच पाळत नसे. शेवटी तो काढून टाकला गेला.

एवढा खटाटोप कोण करते, असा प्रश्न साहजिक आहे. फेसबुकने २०१५ मध्ये सांगितले, की स्पॅम आणि घातक मजकूर रोखणारी त्यांची यंत्रणा हॅस्केलमध्ये पुन्हा लिहिली आहे आणि ती सेकंदाला दहा लाखांहून अधिक विनंत्या हाताळते. बेंगळुरूत रिक्षा बोलावण्यासाठी वापरले जाणारे ‘नम्मा यात्री’ हे ॲप सर्व्हरच्या बाजूला हॅस्केलवर चालते. पण खरा प्रसार नावाने झालेला नाही. २०१४ मध्ये जावा भाषेत ‘असेल किंवा नसेल’ असे पाकीट आले. जावास्क्रिप्टमधले ‘नंतर उत्तर देईन’ असे वचन, रस्ट भाषेतले एका प्रश्नचिन्हात मावणारे अपयश, हे त्याच घराण्यातले. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत रोज हे वापरणाऱ्या अनेकांनी मोनॅड हा शब्द ऐकलेलाही नसेल. त्याने काही अडत नाही.

उतरंडीला पर्यायही उभा राहतो आहे. गॉर्डन प्लॉटकिन आणि जॉन पॉवर यांनी या शतकाच्या सुरुवातीला परिणामांकडे वेगळ्या नजरेने पाहिले: प्रोग्रामने परिणाम स्वतः करायचाच नाही, फक्त मागणी नोंदवायची. ‘वही वाचायची आहे’, ‘इथे फसले’, एवढेच. ती मागणी कशी पुरी करायची ते बाहेर बसलेला हँडलर ठरवतो. २००९ मध्ये प्लॉटकिन आणि मतिया प्रेत्नार यांनी अशा हँडलरची मांडणी केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या ओकॅमल ५ या आवृत्तीत ते प्रत्यक्ष भाषेत आले. भांडी रचण्याची कटकट यात बरीच कमी होते. चाचणीच्या वेळी खऱ्या यंत्राऐवजी खोटा हँडलर बसवता येतो, प्रोग्रामची एक ओळही न बदलता. मात्र वॉर्डातल्या त्या फसलेल्या कामात अपयशाचा हँडलर आत ठेवला की वही टिकते, बाहेर ठेवला की वही जाते. क्रम इथेही कोणीतरी ठरवावाच लागतो.